समुद्रात गेलेली होडी परत उभी करायची असेल तर कुठला कागद कधी हलवायचा

बोट गेली की घरात पहिले दोन-तीन दिवस कुणी कागदाचं नाव काढत नाही, आणि ते मला कळतं, कारण मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या मोठ्या काकांची होडी खाडीत नांगर तुटून सुटली आणि सकाळी बंदराच्या दगडांवर नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, एक तुकडा, आठ-दहा फळ्या आणि चिखलात रुतलेलं इंजिन एवढंच मिळालं तेव्हा आमच्याकडे त्या दिवशी चूल पेटली नव्हती. पण पुढे काय आणि किती मिळणार ते याच दोन-तीन दिवसांत ठरतं. तेव्हापासून बंदरावर कुणाची होडी गेली की लोक मला फोन करतात, मी त्यांच्यासोबत बसून फाईल बनवतो, आणि त्यातून जे शिकलो ते इथे सगळं लिहून ठेवतोय म्हणजे रात्री-अपरात्री कुणाला लागलं तर शोधायला नको.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बोट बुडाली की सरकार नवी बोट आणून देतं अशी कुठलीही योजना नाही. असतात ते वेगवेगळे खिसे: आपत्तीची मदत महसूल खात्याकडून, विमा कंपनीकडून, नव्या बोटीचं अनुदान मत्स्यव्यवसाय खात्याकडून, कर्ज बँकेकडून किंवा संस्थेमार्फत, आणि मोठ्या जहाजाने ठोकर मारली असेल तर त्या जहाजाच्या मालकाकडून. एका ऑफिसला दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं, तिथला साहेब तुम्हाला फक्त त्याच्या खिशाबद्दल सांगणार. सगळे खिसे जोडायचं काम आपल्यालाच करावं लागतं आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी चारच गोष्टी सिद्ध करायच्या असतात, बोट होती, ती कायदेशीर होती, ती खरंच धंद्याला जात होती, आणि ती गेली.

पहिला दिवस

माणसं समुद्रात असतील तर बाकी सगळं सोडा आणि १५५४ लावा, तो कोस्ट गार्डचा नंबर आहे, सागरी पोलिसांचा १०९३. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. तांडेलने म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने जीपीएसवरचं शेवटचं लोकेशन सांगितलं असेल तर ते आकडे जसेच्या तसे लिहून घ्या, फोनवर ऐकून कुणी "वेंगुर्ल्याच्या बाहेर" एवढंच लिहितं आणि मग पोलीस स्टेशनला हद्दीवरून चालढकल सुरू होते. सागरी पोलिसांची हद्द साधारण १२ सागरी मैलांपर्यंत, त्याच्या पुढे कोस्ट गार्ड, म्हणून अंतर महत्त्वाचं. मामला गुन्ह्याचा असेल, म्हणजे कुणी ठोकर मारून निघून गेलं वगैरे, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, एफआयआर घ्यावाच लागतो. तिथे शांतपणे हे कलम सांगायचं.

माणसं सुखरूप परत आली की त्याच दिवशी तीन कामं. पोलीस स्टेशनला लेखी खबर द्यायची आणि तिची नोंद झाल्याची पोच शिक्क्यासकट घ्यायची. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि ती एक कॉपी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनच्या सहीने पाठवली तर वजन येतं. तिसरं, खलाश्यांचे जबाब. प्रत्येकाचं अर्ध पान पुरे, किती वाजता निघालो, कुठे होतो, पाणी कुठून शिरलं, कुणी उचललं. आठवड्याने हेच खलाशी दुसऱ्या बोटीवर चढलेले असतात, काही गावी गेलेले असतात, मग त्यांना शोधत फिरणं खूप जड जातं. ज्या बोटीने त्यांना वाचवलं तिच्या तांडेलची सही सगळ्यात भारी पुरावा आहे, ती विसरू नका.

आणि फोटो. बंदरावर लागलेले तुकडे लगेच उचलून सरपणाला किंवा बाजूला टाकू नका, आधी फोटो काढा, त्यातही ज्या फळीवर नोंदणी नंबर रंगवलेला असतो ती फळी जपून ठेवा. आमच्या काकांच्या होडीची नाळ सापडली तिच्यावर आयएनडी एमएच पासून पुढचे चार-पाच आकडे अजून वाचता येत होते, निळ्या रंगावर पांढरे, आणि तेवढ्या एका फळीमुळे पंचनाम्यात "सदर नौका हीच" असं लिहून आलं. नाहीतर नुसत्या फळ्या कुणाच्याही असू शकतात.

पंचनामा: एक शब्द आणि त्यावर ठरणारी रक्कम

वादळात बोट गेली की तलाठी आणि मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस मिळून पंचनामा करतात. तिथे दोनच शब्द असतात, अंशतः आणि पूर्णतः. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषात अंशतः नुकसान झालेल्या बोटीला ६,००० रुपये, पूर्ण गेलेल्या बोटीला १५,००० रुपये, जाळं अंशतः फाटलं तर ३,००० आणि पूर्ण गेलं तर ४,००० असं आहे. हो, एवढंच. लाखोंच्या बोटीला पंधरा हजार हे वाचून संताप येतो आणि तो येणं बरोबरच आहे, त्यात तर इंजिनचा एक पार्टही येत नाही. तौक्तेनंतर राज्य सरकारने स्वतःचे पैसे घालून ते वाढवले होते, पूर्ण गेलेल्या बोटीला २५,००० आणि अंशतःला १०,००० असे दर तेव्हा होते. म्हणजे प्रत्येक आपत्तीनंतर त्या आपत्तीपुरता वेगळा जीआर निघू शकतो, म्हणून जुने आकडे धरून बसू नका, तहसीलमध्ये जाऊन ताज्या जीआरची झेरॉक्स मागा.

मग एवढ्याशा पैशासाठी धावपळ का करायची? कारण हा पंचनामा पुढे सगळीकडे चालतो, विम्याला, अनुदानाला, बँकेला. काकांच्या वेळी पहिल्या पंचनाम्यात "अंशतः" लिहिलं गेलं होतं, का, तर इंजिन जागेवर दिसत होतं. फळ्या सगळ्या गेल्या, कणा मोडला, पण चिखलात रुतलेलं इंजिन दिसलं म्हणून अंशतः. आम्ही तीन दिवसांत तहसीलदारांना लेखी हरकत दिली, त्यासोबत गावातल्या बोट बांधणाऱ्या सुताराचं पत्र जोडलं की कणा मोडल्यावर ही नौका दुरुस्त होत नाही, आणि फेरपंचनामा झाला. म्हणून सही करायच्या आधी पंचनामा वाचा. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा, घाई करणाऱ्याला थांबवा. जाळी, दोर, बोया, बर्फाच्या पेट्या, फिशफाइंडर, जीपीएस, सगळं वेगवेगळं लिहून घ्या, "इतर साहित्य" असं लिहिलं की त्याची किंमत शून्य. आणि कॉपी लगेच मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एक अट खूप जणांना उशिरा कळते. ही मदत फक्त ठरवून दिलेल्या आपत्तींना आहे. चक्रीवादळ, पूर हे केंद्राच्या यादीत आहेत आणि महाराष्ट्राने आपल्या यादीत समुद्राचं उधाण, वीज, अतिवृष्टी, अवेळी पाऊस, आकस्मिक आग हे पण घेतलेत. म्हणजे बोट उधाणाने आपटली असेल किंवा बोटीवर आग लागली असेल तरी तुम्ही मागू शकता, अर्जात कारण तसंच नीट लिहा. पण इंजिन बंद पडून खडकावर गेली, फळीतून पाणी शिरून बुडाली, असं असेल तर महसूलच्या या खिशातून काही निघत नाही. खोटं कारण टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, खलाश्याच्या जबाबात वेगळं आणि अर्जात वेगळं आलं की पुढचे बाकीचे सगळे अर्ज पण संशयात जातात.

आणि त्याच निकषात अजून एक ओळ आहे, त्याच आपत्तीसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत घेतली असेल किंवा मिळण्यास पात्र असाल तर ही मदत मिळत नाही. म्हणून आधी तहसीलमध्ये आणि मत्स्यव्यवसाय ऑफिसमध्ये दोन्हीकडे विचारून घ्या की एक घेतलं तर दुसऱ्याला अडचण येणार का. पंधरा हजारासाठी दोन-तीन लाखाचं अनुदान अडकायला नको.

बोटीचे जुने कागद

नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, विम्याची पॉलिसी, सोसायटीचा सभासद दाखला, हे तर सगळ्यांना माहीत. नोंदणी आता रिअलक्राफ्ट पोर्टलवर असते त्यामुळे मूळ कागद बोटीबरोबर बुडाला तरी प्रिंट निघते, फक्त त्यावर मालकाचं नाव आजोबांचं आहे की काय ते बघा. हे मी मस्करीत लिहीत नाही, आमच्याकडे अर्ध्या फायली तिथेच थांबतात, बोट चालवतो नातू आणि कागदावर आजोबा, ज्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मग वारस दाखला, भावांच्या ना-हरकती, आत्यांच्या सह्या, आणि तोवर त्या वर्षाचं उद्दिष्ट, म्हणजे वर्षाला किती बोटींना अनुदान द्यायचं तो ठरलेला आकडा, संपतं. बोट धडधाकट आहे तोपर्यंत हे बदलून घ्या, आज घ्या.

परवाना चालू असणं फार महत्त्वाचं. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये तो बराच कडक झाला, विनापरवाना बोटीला आता दंडच मोठा आहे, अशा बोटीच्या नावावर नुकसानभरपाई मागायला कुणी उभं राहू शकत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक बोट बाहेर असताना गेली तर बोलायलाच जागा राहत नाही. बंदीत बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती आणि वादळाने गेली तर गोष्ट वेगळी, निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, बंदी सुरू होऊन दोनच दिवस झालेले, बोटी नुकत्याच वर ओढत होते लोक. अशा वेळी मदत मिळते, फक्त बोट शाकारून म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून उभी होती हे फोटोत दिसायला हवं. म्हणून दरवर्षी बोट वर ओढली की एक फोटो काढून ठेवा, मागे ओळखीची खूण येईल असा.

आता तो पुरावा जो कुणी सांगत नाही. बोट खरंच धंद्याला जात होती हे कसं दाखवणार? डिझेलच्या पावत्या. सोसायटीच्या पंपावरचं डिझेल, त्याचा व्हॅट परतावा, प्रत्येक पावतीवर बोटीचं नाव-नंबर आणि तारीख असते. आम्ही काकांच्या फाईलला मागच्या दोन सीझनच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या आणि त्यानंतर "ही बोट चालू होती का" हा प्रश्न कुणी विचारला नाही. बंदरावर सुरक्षा रक्षकाच्या वहीत जाण्या-येण्याची नोंद असते, त्या दिवसाच्या पानाचा फोटो घ्या. आणि ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, असेल तर सोन्याहून पिवळं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला त्या योजनेची सुरुवात झाली, देशभरात एक लाख बोटींवर मोफत बसवायचं ठरलंय. काही जणांना वाटतं सरकार आपल्यावर नजर ठेवतंय म्हणून ते बंद करून ठेवतात, मी हात जोडून सांगतो की चालू ठेवा, बुडणाऱ्या बोटीची शेवटची जागा तेच सांगतं.

विमा

बोटीच्या किमतीच्या जवळपास जाणारा खिसा फक्त हाच आहे, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळतात ते पण हाच. लोक म्हणतात हप्ता जड जातो, खरं आहे. पण बँकेने सांगितलं म्हणून पहिल्या वर्षी काढायचा आणि कर्ज फिटलं की सोडायचा, असं करू नका. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत बोटीच्या विम्याच्या हप्त्याला मदत द्यायची तरतूद आहे, जिल्हा ऑफिसला विचारा.

दावा करताना कंपनीला फोन नको, मेल किंवा पत्र, आणि पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीच्या आत. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत सापडलेले भाग हलवू नका, हलवावेच लागले तर आधी कंपनीला लेखी कळवा. दावे नाकारले जातात ते बहुतेक वेळा याच गोष्टींवर: परवाना संपलेला, तांडेल वेगळा, परवान्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त माणसं, इंजिन बदललं पण पॉलिसीत जुनाच नंबर. शेवटचं तर सर्रास होतं. नवीन इंजिन टाकलं की त्याच आठवड्यात नोंदणीत आणि पॉलिसीत दोन्हीकडे नंबर बदलून घ्या. पॉलिसीत बोटीची किंमत किती धरली आहे ते पण बघा, हप्ता कमी यावा म्हणून कमी किंमत लावली असेल तर तेवढीच मिळणार.

नव्या बोटीचं अनुदान

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली, २०,०५० कोटींची, आधी २०२४-२५ पर्यंत होती ती २०२५-२६ पर्यंत वाढवली. तिच्यात पारंपरिक मच्छीमारांसाठी जुनी बोट बदलून नवी बोट आणि जाळी असा एक घटक आहे, त्याची प्रकल्प किंमत ५ लाख धरलेली. सर्वसाधारण गटाला ४० टक्के म्हणजे २ लाख, अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के म्हणजे ३ लाख. बोट सात लाखाला पडली तरी अनुदान ५ लाखावरच मोजतात, वरचे तुमचे. अर्ज भरायच्या आधी यंदाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय ऑफिसमध्ये विचारायचं, संपलं असेल तर पुढच्या यादीसाठी अर्ज देऊन पोच घ्यायची.

इथे आपल्या लोकांची एक मोठी गल्लत होते. किनाऱ्यावरचे बरेच कोळी विशेष मागास प्रवर्गात येतात, तो दाखला कॉलेजला चालतो पण या योजनेच्या ६० टक्क्यांसाठी चालत नाही, तिथे ४० टक्केच. ज्यांच्याकडे अनुसूचित जमातीचा दाखला आणि वैधता आहे त्यांचं वेगळं. पण महिलांना ६० टक्के आहेत आणि त्याला जातीची अट नाही. आपल्याकडे मासळी विकणारी, सुकवणारी, घर चालवणारी बाईच असते, मग बोट तिच्या नावावर का नको? आमच्याकडे एका वहिनीने स्वतःच्या नावाने अर्ज केला, सोसायटीची सभासद ती आधीपासून होती, मासळी विक्रीच्या पावत्या होत्या, कुणी काही हरकत घेतली नाही. फक्त नवऱ्याच्या फायद्यासाठी कागदावर नाव घुसवू नका, तिला पोर्टलवर, बँकेत, बोटीच्या नोंदणीत सगळीकडे खरी मालक करा. एक लाखाचा फरक आहे आणि तिच्या हक्काची बोट होते ती गोष्ट वेगळीच.

अर्जाबरोबर काय लागतं ते सांगतो, आधार, बँक पासबुक, सोसायटीचा दाखला, जुन्या बोटीची नोंदणी आणि परवाना, ती गेल्याचा पंचनामा आणि पोलीस नोंद, नव्या बोटीचं कोटेशन नोंदणीकृत यार्डकडून, आणि स्वतःच्या हिश्श्याचे पैसे कुठून आणणार त्याचा पुरावा म्हणजे बँकेचं मंजुरीपत्र किंवा खात्यातली शिल्लक. नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंदणी पण करून ठेवा, सप्टेंबर २०२४ पासून ते सुरू आहे, मच्छीमार म्हणून तुमची ओळख तिथे बनते. मग फाईल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीपुढे जाते आणि तिथून राज्याकडे. वेळ लागतो. दर महिन्याला जाऊन फाईल कुठल्या टेबलवर आहे ते विचारा, नम्रपणे पण विचारा, आवक नंबर वहीत लिहून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक आता सांगतो, मंजुरीपत्र हातात यायच्या आधी बोट बांधायला टाकू नका. सीझन जातोय म्हणून जीव खालीवर होतो, सावकाराकडून पैसे उचलून लोक सांगाडा उभा करतात, आणि मग मंजुरीच्या आधीची खरेदी म्हणून अनुदान नाही. आमच्या ओळखीच्या एकाचं असंच झालं, बिलाची तारीख मंजुरीच्या अकरा दिवस आधीची, आणि त्या अकरा दिवसांपायी २ लाख गेले. अनुदान काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर टप्प्याने खात्यात येतं, त्यामुळे मधल्या काळाचे पैसे हातात धरूनच कामाला हात घाला. प्रत्येक पैसा बँकेतून द्या, रोख दिलेलं कुठे दाखवता येत नाही.

छोट्या बिगरयांत्रिक होड्यांना आणि जाळ्यांना राज्याच्या आणि जिल्हा वार्षिक योजनेतून पण मदत असते, मोठ्या योजनेच्या नादात ती लोक विचारतच नाहीत, तीच आधी विचारा. उलट टोकाला खोल समुद्रातल्या बोटी आहेत, १ कोटी २० लाख किंमत धरलेल्या, त्याच ४० आणि ६० टक्क्याने. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकला अशा पहिल्या बोटींच्या चाव्या दिल्या गेल्या, त्यात एनसीडीसीचं म्हणजे राष्ट्रीय सहकारी विकास महामंडळाचं कर्ज आहे. चांगली गोष्ट आहे, पण एका होडीवर पोट असलेल्या घराने एकट्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोसायटीमार्फत, आठ-दहा घरं मिळून, हिशोब लिहिणारा माणूस असेल तरच. यांत्रिक बोटींच्या जुन्या कर्जात आपल्या कितीतरी सोसायट्या वर्षानुवर्षं थकबाकीत अडकल्या ते सगळ्या किनाऱ्याने बघितलंय.

कर्ज

किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना २०१८-१९ पासून मिळतं, पण ते रोजच्या भांडवलाला आहे, डिझेल, बर्फ, जाळी दुरुस्ती. ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर ३ टक्के परत म्हणजे ४ टक्के पडतं, आणि फक्त मासेमारीसाठी घेतलेल्या कर्जाला ही व्याजाची सवलत २ लाखांपर्यंतच. त्यातून बोट घेऊ नका, वर्षात फिरवायचं कर्ज बोटीत अडकलं की सवलत पण जाते आणि खातं पण बिघडतं. नवी बोट उभी राहिली की पहिल्या फेरीच्या खर्चाला मात्र हेच कार्ड वापरा, व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेऊन मासळी त्याच्याच भावाने द्यायला लागते त्यापेक्षा हजार पटीने बरं.

बुडालेल्या बोटीवर जुनं कर्ज चालू असेल तर बँकेला पहिल्याच आठवड्यात पंचनाम्याच्या कॉपीसकट पत्र द्या आणि हप्त्यांची फेररचना मागा. गप्प राहून हप्ते चुकवले की खातं एनपीए म्हणजे थकीत ठरतं आणि मग नव्या बोटीच्या कर्जाला कुणी दारात उभं करत नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, तो निर्णय बँकेच्या मॅनेजरला दाखवायला जवळ ठेवा, सगळ्यांनी वाचलेला असतोच असं नाही.

जहाजाने ठोकर मारली तर

रात्री जाळं टाकून पडलेलं असताना मोठं जहाज येऊन जाळी ओढून नेतं किंवा बोटच चिरडतं, हे आपल्या समुद्रात काही नवीन नाही. इथे सरकारी मदतीच्या मागे लागू नका, इथे नुकसान करणारा आहे आणि त्याच्याकडे विमा आहे. वेळ आणि लोकेशन अचूक पाहिजे, कारण मोठ्या जहाजांवर आपली जागा सतत कळवणारं एआयएस यंत्र असतं आणि त्या वेळी त्या जागी कोण होतं ते मरीनट्रॅफिकसारख्या साईटवर पण बऱ्याचदा दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. एफआयआर, कोस्ट गार्डला पत्र, डीजी शिपिंगला, म्हणजे जहाजांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या ऑफिसला, पत्र. समुद्रातल्या दाव्यांसाठी २०१७ चा अॅडमिरल्टी कायदा आहे, त्याखाली मुंबई हायकोर्ट जहाज अडकवून ठेवायचा आदेश देऊ शकतं, आणि जहाज अडकलं की मालकाचा वकील आपणहून बोलायला येतो. एकट्याला वकील परवडत नाही, सोसायटीने उभं राहायला हवं. समुद्रातच "पैसे घे आणि गप्प बस" म्हणून कुणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर देऊ नका.

खलाशी आणि त्यांची घरं

बोटमालकांना हे वाचायला सांगा. मत्स्य संपदा योजनेतला सामूहिक अपघात विमा आहे, वय १८ ते ७०, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व २.५ लाख, हॉस्पिटलला २५,००० पर्यंत. हप्ता पूर्ण सरकार भरतं, मच्छीमाराला एक रुपया नाही, फक्त नाव नोंदवलेलं पाहिजे. आणि तेच होत नाही, मालकाचं नाव असतं, मुलांची असतात, पण बाहेरून आलेल्या खलाश्यांची नसतात. सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे आधार गोळा करून सोसायटीत द्या, एक दुपार जाते फक्त. नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाला तर महसूलकडून ४ लाखाची मदत पण वेगळी असते.

माणूस सापडलाच नाही तर घरच्यांवर काय येतं ते बघितलंय मी. मृत्यूचा दाखला मिळत नाही, कायद्याने सात वर्षं पत्ता लागला नाही तर मृत समजतात, तोवर खातं, विमा, बोटीची मालकी सगळं लटकतं. अशा घराने बेपत्ता झाल्याची पोलीस तक्रार, कोस्ट गार्डने शोध घेतल्याचं पत्र, सोबतच्यांचे जबाब एवढं तरी लगेच जमवावं, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावं, महिलांना तिथे वकील फुकट मिळतो.

नवी बोट पाण्यात सोडायच्या आधी

जुनी नोंदणी आणि परवाना रद्द करून घ्या, गेलेली बोट कागदावर जिवंत राहिली तर तिच्या बदल्यात नवीनचा परवाना मिळत नाही, आणि तो नंबर उद्या दुसऱ्या कुणाच्या बोटीवर दिसला तर पोलीस तुमच्या दारात येतात. मग नवीनची नोंदणी, परवाना, विमा, लाईफ जॅकेट, ट्रान्सपॉन्डर या क्रमाने.

काकांची नवी होडी फायबरची आहे. तिच्या नोंदणीचा नंबर नाळेवर, मागच्या बाजूला आणि आतून इंजिनच्या पेटीच्या झाकणावर असा तीन ठिकाणी रंगवलाय, आणि सगळ्या कागदांचे फोटो काकीच्या फोनमध्ये, मुलीच्या फोनमध्ये आणि सोसायटीच्या कॉम्प्युटरवर आहेत, मूळ कागद घरात लोखंडी पेटीत, बोटीवर फक्त लॅमिनेट केलेल्या झेरॉक्स.